कोपरानं पाहिलेलं पाणी

शमुवेलकाकांच्या मातीच्या दिवशी इंदापूरच्या आमच्या लहानशा चर्चच्या दारात चपलांचा नुसता ढीग पडला होता. उलट्या, पालट्या, एक उंबऱ्यापाशी तर तिची जोडीदारीण थेट पायरीखाली. प्रार्थना आटोपून पेटी उचलायची वेळ आली तर खांदेकऱ्यांना आपापल्या चपला सापडेनात. कोणी अनवाणीच निघालं, कोणी दुसऱ्याच्या पायात घालून. मी या मंडळीचा पाळक. अंगात झगा, हातात शास्त्र, असा दारात उभा होतो, आणि त्या ढिगाकडे बघून मला जे रडू फुटलं ते काही केल्या आवरेना. लोकांना वाटलं, पाळकसाहेब मनाने हळवे आहेत. तसं काही नव्हतं. त्या दारातल्या चपला इतकी वर्षं ज्या माणसाने लावल्या तो त्या दिवशी आत पेटीत होता, एवढंच मला दिसत होतं.

म्हणून आधी चपलांचंच सांगतो. मी बारामतीहून बदलून इथे आलो तेव्हाची गोष्ट. पहिलाच रविवार, त्यामुळे प्रवचन जरा जास्तच जोरात चाललं होतं. मध्येच नजर दारापलीकडे गेली, तर एक म्हातारा माणूस बाहेर उकिडवा बसून एकेक चप्पल उचलतोय, आत हात घालतोय, चाचपतोय. मी प्रवचन थांबवलं आणि पुढच्या बाकावरच्या गृहस्थांना खुणावलं, की बाहेर चोर आहे. त्यांनी मागे वळून पाहिलं, हसले आणि हातानेच म्हणाले, चालू द्या तुमचं. उपासना सुटली तेव्हा झाडून सगळ्या चपला जोडीजोडीने, तोंडं बाहेर करून, ओळीत मांडलेल्या होत्या. माझ्या बुटांतून निघालेला बाभळीचा काटा पायरीवर वेगळा ठेवलेला होता.

"सवय हाय, पाळकसाहेब," काका म्हणाले. "आत हात घातल्याबिगर चपलीवर माझा इश्वास बसत न्हाय."

मी मनाशी ठरवून टाकलं, हा चर्चचा राखणदार दिसतो. मागच्या खोलीत एकटेच राहायचे, तेही माझ्या समजाला धरूनच होतं. पुढचे तीन आठवडे मी त्यांना बिनदिक्कत कामं सांगितली. बाकं उचला, टाकी भरा, आवारातलं गवत काढा. त्यांनी सगळी केली. एका रविवारी मंडळीतल्या एका बाईंनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "साहेब, तुमी शमुवेलकाकांकडनं गवत का काढून घेताय? ते काय आपले नोकर हायत व्हय?" माझा चेहरा पडला. काकांकडे जाऊन माफी मागितली, तर ते उलट माझीच समजूत घालायला लागले, की गवत वाढलंच होतं.

त्यांचं खरं काम पाय धुण्याचं. मी हे जसंच्या तसं सांगतोय. पूर्वी इथे महारोग्यांसाठी एक लहान दवाखाना होता, त्यात ते मलमपट्टी करायचे. आता गोळ्यांनी हा रोग बरा होतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ज्यांना गोळ्या उशिरा मिळाल्या त्यांच्या मेलेल्या शिरा पुन्हा जिवंत होत नाहीत. पाय जागेवर असतो, पण त्याला काही कळत नाही. खिळा घुसला तरी माणूस त्याच्यावर चालत राहतो, आणि मग जखम, मग हाड, मग बोटं. यावर उपाय अगदी साधा. पाय रोज पाण्यात भिजवायचा, वजरीने घासून कडक कातडी काढायची, तेल लावायचं, आणि बघायचा. नीट, सगळीकडून बघायचा.

"दुखणं म्हंजी राखणीचं कुत्रं," काका सांगायचे. "लोक त्याला शिव्या देत्यात. पर ते मेलं, की घरात चोर कवा शिरला ते कळत न्हाय. मग आपुनच राखण करायची."

एके दिवशी वरून पत्र आलं, की रोग आटोक्यात आला आहे, तेव्हा दवाखाना बंद. समारंभ झाला. भाषणं झाली, शाली झाल्या, फोटो झाले. काका मांडवाच्या मागे चहाच्या कपबशा विसळत होते, आणि त्यांचं नाव घ्यायचं कोणाच्याही ध्यानात आलं नाही. हे सगळं माझ्या येण्याआधीचं. मला मंडळीने सांगितलं ते असं, की समारंभ मंगळवारी होता आणि बुधवारी सकाळी काका नेहमीच्या एस.टी.ने नेहमीच्या गावाला गेले. रोग सरकारी कागदावरून गेला होता, पाय होते तिथेच होते.

मंगळवारी भिगवण, बुधवारी कऱ्हाटीकडचा भाग, शुक्रवारी नरसिंहपूर. पिशवीत ॲल्युमिनियमचं घमेलं, वजरी, तेलाची बाटली, कापडाच्या पट्ट्या. एकदा मी हौसेने त्यांना माझ्या स्कूटरवर बसवून नरसिंहपूरला घेऊन गेलो. हौसेने म्हणजे, खरं सांगायचं तर, पुढच्या प्रवचनाला काही उदाहरण मिळेल या आशेने.

तिथे गावाच्या कडेला, उसाच्या फडाला लागून एका गोठ्यात सोनाक्का राहायची. पलीकडे मुलाचं पक्कं घर होतं. पण रोग बरा होऊन इतकी वर्षं झाली तरी तिची बाज गोठ्यातच, आणि तिचा कप गोठ्यातल्या कोनाड्यात वेगळा. हातांची बोटं आखडून, झिजून अर्ध्यावर आलेली. काकांना बघून तिने चुलीवर पाणी ठेवलं. घमेल्यात ओतलं, गार पाणी मिसळलं, आणि मग पदर सावरून आपलं कोपर त्या पाण्यात बुडवलं.

"ह्ये मी शिकवलंय," काका मला म्हणाले. त्यांच्या तोंडून आपल्या कामाचं कौतुक मी ऐकलं ते एवढंच. "हाताला कळत न्हाय न्हवं? पैल्यांदी हिनं कढत पान्यात पाय घातला आन् सोलून घेतला. कोपराला अजून कळतंय. म्हनून पानी कोपरानं बघायचं."

मग त्यांनी तिचा पाय मांडीवर घेतला. मी पाळक आहे, दुःखितांच्या घरी जाणं हा माझा धर्म आहे, आणि तरीही मी दोन पावलं मागे सरकलो. काका त्या पायाशी बोलत होते. म्हणजे सोनाक्काशीच, पण नजर पायावर. "हितं काय झालं? गोटा लागला व्हय? चपली झटकल्याली दिसत न्हाय." सोनाक्का लहान पोरीसारखी ओशाळून खोटं बोलत होती, की रोज झटकते. ते तिला रागावले आणि मग हसले.

पाय झाला की चहा. तिने त्याच कोनाड्यातला कप काढला, गुळाचा दाट चहा ओतला आणि काकांपुढे धरला. तिच्या हातचं त्या गावात दुसरं कोणी काही घेत नसे. काका चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. मला म्हणाली, "पाळकसाहेबास्नी नगं आसंल." मी प्यायलो, पण घोट घेताना क्षणभर थांबलो. ते तिने पाहिलं. काकांनीही पाहिलं असणार.

त्या दिवशी अशी पाच घरं झाली आणि पाच चहा झाले. पाचही गुळाचे. परतताना मी थट्टा केली, "काका, तुम्ही सेवेसाठी हिंडता की गोडासाठी?" ते मागच्या सीटवर मोठ्याने हसले. म्हणाले, "गोड कुनाला आवडत न्हाय, पाळकसाहेब?"

त्यांना साखर होती. मधुमेह. ते मला बऱ्याच उशिरा कळलं, आणि आज ती थट्टा आठवली की जीभ चावावीशी वाटते.

चर्चमध्ये त्यांची जागा शेवटच्या बाकावर, दाराशी. गाणं मोठ्याने म्हणायचे, बेसूर. प्रार्थना करा म्हटलं की दोनच वाक्यं: "प्रभू, आज ज्यांचं पाय बघायचं हायत त्यास्नी सांभाळ. आनि मला येळेवर गाडी मिळू दे." आमेन. मंडळीतल्या पोरांना ही प्रार्थना पाठ होती. एकदा मी म्हणालो, काका, स्वतःसाठी काहीतरी मागा. ते म्हणाले, गाडी मागतो की.

आता त्या गुरुवारचं सांगायला हवं. इतका वेळ मी तेच टाळतोय.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, आमच्यात पाय धुण्याचा विधी करतात. प्रभूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून पाळक मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुतो. इंदापुरात ही प्रथा नव्हती, मीच सुरू केली, आणि डोक्यात पहिलं नाव शमुवेलकाकांचं. साऱ्या तालुक्याचे पाय धुणाऱ्याचे पाय एकदा तरी कोणी धुवावेत. मला माझी कल्पनाच इतकी आवडली होती, की त्यांना आधी विचारायचंही सुचलं नाही.

संध्याकाळी बारा खुर्च्या मांडल्या. अकरा भरल्या. बारावी रिकामी. काका मागे नळावर टॉवेल पिळत बसलेले. एप्रिलचा उकाडा, आणि यांच्या पायात जाड मोजे. तसे ते दोन-तीन महिने मोजे घालून दिसत होते, आणि मी एकदा विचारलंही होतं, काय काका, लग्नबिग्न ठरलंय की काय? म्हातारपणात थंडी वाजते, म्हणाले होते.

"काका, चला. सगळे थांबलेत."

"मला नगा बोलवू, पाळकसाहेब. कुन्या पोराला बसवा."

"तुम्ही सगळ्यांचे धुता. आज एक दिवस मला धुऊ द्या."

त्यांनी पाय धोतराखाली ओढून घेतले. मी हात धरून उठवायला गेलो, तर त्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं. "तुमच्या पाया पडतो," म्हणाले, "पर येवढं करू नगा." डोळ्यांत पाणी होतं. मी परत आलो आणि बाराव्या खुर्चीवर एका शाळकरी मुलाला बसवलं. मग ठरलेला पाठ वाचला. प्रभू पाय धुवायला वाकतो, तेव्हा एक शिष्य पाय मागे घेतो आणि माझे धुवायचे नाहीत म्हणतो, तोच पाठ. मी तो वाचला, आणि नळावर बसलेल्या माणसाशी त्याचा काही संबंध असेल, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

उलट मी काय केलं? ईस्टरनंतरच्या रविवारी मी त्यांच्या नम्रतेवर प्रवचन दिलं. नाव घेतलं नाही, पण सगळ्यांच्या माना मागे वळल्या. आजवर कोणी नाव न घेतलेल्या माणसाचा मीच काय तो पहिला सन्मान करतोय, अशा थाटात बोलत होतो. एक माणूस, म्हणालो, जो जगाचे पाय धुतो पण स्वतःचे धुवून घ्यायला स्वतःला लायक समजत नाही. लोकांचे डोळे ओले झाले. काका शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसले होते. उपासना सुटली तेव्हा चपला लागलेल्या होत्या आणि ते निघून गेले होते.

जूनमध्ये एका शुक्रवारी दुपारी मला फोन आला. नंबर अनोळखी, पलीकडे सोनाक्का. नातवाच्या मोबाइलवरून बोलत होती.

"पाळकसाहेब, तुमी आत्ताच्या आत्ता या. आबा हितं बसल्यात. त्यांच्या पायाला वास मारतोय. बघू देत न्हाईत मला."

"कोण, काका? अहो, तुमचा पाय बघायला आलेत ना ते?"

"माझा बघितला. पर त्यांनी पाऊल टाकलं तितं जिमिनीवर डाग उठलाय. मला कळतंय वो. मी काय आज बघतीया का आसला पाय? नरसिंहाची आन हाय तुमाला, या."

काका ज्यांना पाय बघायला शिकवत होते त्यांच्यातली एक नीट शिकली होती. मी गेलो. ते बाजेवर बसले होते, समोर रिकामा कप. मला बघून उठायला लागले. मी वाकून मोजा काढला, या वेळी न विचारता. पट्टीखाली काय होतं ते मी इथे लिहीत नाही.

बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी डावा पाय गुडघ्याखालून काढला. साखर इतकी वाढलेली, की त्यांना विश्वास बसेना. म्हणाले, साखरेने दोन्ही पायांची जाणीव कधीच गेली आहे, उजव्यात सुई टोचली तरी यांना कळत नाही. यांना कोणी पथ्य सांगितलं नव्हतं का? रोज किती चहा पितात हे?

शुद्धीवर आल्यावर दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "कधीपासून होतं, काका?"

"नाताळापास्नं."

"म्हणजे त्या गुरुवारी..."

"व्हय. पट्टी सोडली आसती तर समद्या देवळात वास सुटला आसता."

"अहो, मग सांगायचं नाही का? आणि तो चहा! बिनगुळाचा द्या म्हणायला काय झालं होतं?"

ते छताकडे बघत म्हणाले, "बिनगुळाचा कसा मागू? त्यांच्या हातचं कोन खातंय? मी नगं म्हनलो, की त्यांच्या मनात येनार, आबाला बी किळस आली. साखरेचं कारन त्यांना खोटंच वाटलं आसतं. सगळेच कायतरी कारन सांगत्यात की." मग म्हणाले, "पायाचं सांगितलं आसतं तर तुमी मला घरी बसवलं आसतं. मग तितं कोन गेलं आसतं?"

कोणी गेलं नसतं हे मला माहीत होतं, आणि त्यांना माहीत होतं की मला माहीत आहे.

"आनि लाज वाटली," ते म्हणाले. "जलमभर लोकास्नी सांगत आलो, रोज सांजच्याला पाय बघा. सवताचा बघितला न्हाय. पाळकसाहेब, तुमचं त्ये प्रवचन मला लई जड गेलं. उठून सांगावं वाटलं, की ही नम्रता न्हवं, ही लपवालपवी हाय. धीर झाला न्हाय. देवाकडं माफी मागितली. तुमच्याकडं मागायची ऱ्हायलीया."

त्यांनी खरोखरच हात जोडले. माझी मंडळी मला पंधरा वर्षं पाळक म्हणते, पण त्या खाटेशी मला स्वतःची जितकी लाज वाटली तितकी कधी वाटली नव्हती. माफी मी मागायची होती. मी ती मागितली, पण शब्द नीट जुळले नाहीत. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं, बाकं उचलायला लावली होती तेव्हा समजूत घातली होती तसंच.

जखम पुढे चिघळतच गेली, आणि शेवटी त्यातच ते गेले. पण मला ते आठवतात ते त्या बोलण्यानंतरच्या रविवारी दिसले तसे.

उपासना आटोपून मी दुपारी बारामतीला पोचलो, तर वॉर्डच्या दारात सोनाक्का. नरसिंहपूरहून दोन गाड्या बदलून आली होती. काखेत फडक्यात बांधलेलं घमेलं. आत जाऊ देईनात म्हणून तासभर दारात उभी होती. मी तिला आत नेलं. तिने फडकं सोडलं, वजरी काढली, तेलाची बाटली काढली. गरम पाणी मी आणून दिलं. तिने त्यात गार मिसळलं, पदर सावरला आणि कोपर बुडवलं. थोडं आणखी गार ओतलं. पुन्हा कोपर. मग घमेलं खाटेपाशी ओढून खाली बसली.

काकांनी उरलेला पाय चादरीत ओढून घेतला. "सोनाक्का, नगं."

"का नगं?"

"तुजं हात..."

"माझं हात? तुमी माझं पाय किती वर्सं धुतलं, आबा? मला लाज वाटत नव्हती व्हय? पैल्या दिशी मी रातभर रडलीया. तरी धू दिलं. आता गुमान पाय खाली सोडा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नळावर पाहिलं होतं तसंच. थोड्या वेळाने चादर हलली. म्हाताऱ्या माणसाचा तो सुकलेला, काळपट पाय हळूहळू खाली आला आणि पाण्यात गेला.

सोनाक्काने वजरी दोन्ही तळव्यांच्या मध्ये धरली, बोटं नव्हतीच तेवढी. अगदी सावकाश टाच घासू लागली. नजर पायावर. बोटांच्या बेचक्यांत बघत होती, तळवा वळवून बघत होती, काही बारीक सापडलं तर तोंडातल्या तोंडात रागावत होती.

"पानी कडक न्हाय न्हवं, आबा?"

तिच्या हातांना ते कळत नव्हतं. त्यांच्या पायालाही कळत नव्हतं. आम्हा तिघांनाही हे ठाऊक होतं.

"न्हाय, सोनाक्का," काका म्हणाले. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसतही नव्हते. "बेतानं हाय. लई बरं वाटतंय."

तिने पुन्हा एकदा कोपर बुडवून पाहिलं. पाणी निवत चाललं असावं. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "पाळकसाहेब, वाईच ऊन पानी आना."

मी तांब्या घेऊन उठलो.